काठ किती उरतो ते बघ

होडी घे. आधी एवढं सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना ताई मोडता घालतेय असं तुला वाटायला नको. बचत गटातून मिळतील ते पैसे, तुझे स्वतःचे साठवलेले आणि पाव्हण्यांच्या हातातलं कसब, एवढं गाठीला असताना उकईच्या पाण्यावर दुसऱ्याच्या होडीत अर्ध्या वाट्यावर कशाला जायचं? जाळं तुमचं, राबणं तुमचं, मग होडीही तुमचीच असू दे.

पण फोनवर तू मला पहिलं विचारलंस, "ताई, किती फुटी घेऊ?" आणि लगेच दुसरं, "मशीन किती पॉवरचं?" हे दोन्ही प्रश्न मागाहून येतात गं. मी इकडे कामरेजला तापीकाठी राहते. तुझे दाजी सचिन-पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांमध्ये आर्गन वेल्डिंगची कामं घेतात, अधूनमधून अॅल्युमिनियमच्या होडीचं कामही येतं, आणि मग आठ-आठ दिवस आमच्या जेवणाच्या ताटावर तोच विषय असतो. ऐकून, बघून, चार माणसांना विचारून मला जे पटलंय ते तुला सांगते. बाहेर कुणी सांगेलच असं नाही, कारण विकणाऱ्याला लांबी आणि मशीन विकायचं असतं.

पहिल्यांदा तुझं पाणी बघ. नदी एकच, पण आमची तापी आणि तुमची तापी वेगळी. सुरतेत सिंगणपोरला १९९५ मध्ये विअर-कम-कॉजवे झाला, तेव्हापासून त्याच्या मागे वरपर्यंत पाणी तुंबून राहतं. कामरेजच्या आसपास ते बरंचसं संथ असतं, पात्र अरुंद, दोन्ही काठ नजरेत, त्रास असलाच तर जलपर्णीचा. असल्या पाण्यात अरुंद, उथळ होडीही चालून जाते. वारा सुटला तर पाच-दहा मिनिटांत माणूस काठाला लागतो.

उकईचं तसं नाही. १९७२ मध्ये धरण पुरं झालं आणि मागे शंभरेक किलोमीटर लांबीचा जलाशय उभा राहिला. सोनगड-उच्छलची गावं त्यात गेली, आपल्या नवापूर-नंदुरबारकडचीही काही गेली. आजीच्या तोंडून ती नावं तू ऐकली आहेसच. एवढ्या मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं. वारा जितकं लांब अंतर पाण्यावरून धावतो तितकी लाट मोठी होते, आणि जलाशयातली लाट समुद्रासारखी लांब, सावकाश येत नाही. ती आखूड, उभी आणि एकीमागे एक लागून येते. सकाळी आरशासारखं दिसणारं पाणी दुपारी कसं होतं हे तुला मी सांगायला नको. होडी निवडायची ती त्या दुपारसाठी. सकाळच्या पाण्यावर कुठलीही होडी चांगलीच दिसते.

आता ज्या गोष्टीवर माझं सगळ्यात जास्त लक्ष आहे ती सांगते. होडीत माणसं बसली, ओलं जाळं पडलं, मासळी भरली, मशीन-पेट्रोल चढलं, की मग पाण्याच्या वर होडीचा काठ किती उरतो? तेच खरं माप. लांबी, रंग, कंपनी, सगळं त्यानंतर. रिकामी होडी हातभर वर तरंगताना बघून कुणी होडी घेऊ नये.

२१ मे २०२४ ला उजनी धरणात काय झालं ते आठवतं ना? करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला निघालेली होडी संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात सापडली आणि उलटली. सहा जीव गेले. एक जण पोहत काठाला लागला. तो रोजचा रस्ता होता त्या लोकांचा. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. होडीत माणसं जास्त, आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेट नाही. २०१९ च्या संक्रांतीला आपल्या धडगावकडे नर्मदेच्या फुगवट्यात यात्रेकरूंची होडी गेली, तिथेही तेच, माणसं जास्त. तुला घाबरवायला हे काढत नाही. या प्रत्येक ठिकाणी होडी पाण्यावर आधीही चालत होती, हे तुझ्या लक्षात यावं म्हणून काढलं. रोज चालते म्हणून ती त्या दिवशीही चालेल असं नसतं.

तर मग हिशेब कसा करायचा? अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा एक साधा आडाखा आहे, वीस फुटांच्या आतल्या साध्या होडीसाठी: लांबी गुणिले रुंदी, फुटांत, आणि त्याला पंधराने भागायचं. येईल तेवढी माणसं, तीही हवा चांगली असताना. बारा फूट लांब आणि चार फूट रुंद होडी घे: अठ्ठेचाळीस भागिले पंधरा, म्हणजे तीन. चौदा फूट लांब आणि पाच फूट रुंद घे: सत्तर भागिले पंधरा, साडेचारच्या आसपास, म्हणजे चार. वरचा अर्धा सोडूनच द्यायचा. त्या हिशेबात माणूस अडुसष्ट किलोच्या आसपास धरतात. आता तुमचं ओलं जाळं आणि मासळीची क्रेट मिळून एका माणसाएवढं वजन सहज होतं. म्हणजे चौदा बाय पाचच्या होडीत तुम्ही दोघं, जाळं आणि मासळी, झालं. चौथ्याची जागा ही हवेसाठी मोकळी ठेवायची.

तुझे दाजी याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने बघतात. चौदा बाय पाचची सपाट तळाची होडी पाण्यात एक सेंटिमीटर खाली जायला साधारण पन्नास किलो वजन लागतं. बारा बाय चारची होडी तेवढ्याच सेंटिमीटरला पस्तीसेक किलोतच खाली जाते. दोनशे किलो चढवलेस तर पहिली चार बोटं... नाही, चार सेंटिमीटर बसेल, दुसरी सहाच्या जवळ. आकड्यात फरक लहान वाटतो. पण माणूस जाळं ओढायला एका बाजूला झुकला की सगळं वजन त्या एका काठावर येतं, आणि तिथे रुंदी कामाला येते. लांबीपेक्षा रुंदी होडीला जास्त सांभाळते. म्हणून सांगते, पैसे कमी पडत असतील तर लांबीतला एक फूट सोड, रुंदीतलं वीतभरही सोडू नकोस.

तळ कसा घ्यायचा यावर पाव्हण्यांचं आणि तुझं जुंपणार, मला माहीत आहे. सपाट तळाची होडी उथळ पाण्यात जाते, तिच्यात उभं राहता येतं, पिंजऱ्याजवळ लावून खाद्य टाकायला किंवा जाळं उपसायला ती सोयीची. पण उभी लाट आली की ती थडथड आपटत जाते आणि पुढून पाणी आत उडवते. पुढून व्ही आकाराची होडी लाट कापते, आणि मागे सपाट होत गेली की स्थिरही राहते. तुमच्या पाण्यासाठी मी म्हणेन, पुढचा भाग व्ही आणि उंच, मागचा दोन तृतीयांश जवळजवळ सपाट. पुढे पंगास-तिलापियाच्या पिंजऱ्यांचं काम करायचं मनात असेल तर सपाट भाग आणखी थोडा वाढव. पिंजरे खोल पण आडोशाच्या पाण्यात असतात, तिथे लाटेपेक्षा खाद्याच्या गोण्या उचलून एका बाजूला उभं राहणं जास्त अवघड.

आता पत्र्याकडे येते. तुमच्याकडे अजून कितीतरी जण ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. हातात पैसा नसला की माणूस जे तरंगतं त्यावर बसतो. पण तू आता पैसे घालतेच आहेस, तर तीन गोष्टींमधून निवडायचं आहे: लोखंडी गॅल्व्हनाइज्ड पत्रा, फायबर आणि अॅल्युमिनियम.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची होडी स्वस्त पडते, गावातला कुणीही ती वाकवून जोडून देतो. पण वरचा जस्ताचा थर तळाला घासला की गंज लागतो, आणि तुमच्याकडे तळ घासणारच. उन्हाळ्यात उकईचं पाणी कितीतरी फूट उतरतं; भरल्या धरणाची पातळी ३४५ फूट, आणि मे महिन्यात काठ कुठल्या कुठे सरकलेला असतो. मग गाळातून, मुरमावरून होडी ओढत न्यायची आणि ओढत आणायची. त्यातून जुन्या झाडांची खोडं आणि बुडालेल्या गावांचे दगड वर आलेले असतात.

फायबर चांगलं आहे, हे मी मोकळेपणाने सांगते. वेरावळसारख्या ठिकाणी पिढ्यांपिढ्या होड्या बांधणारे लोक आहेत, आणि गुजरातच्या किनाऱ्यावर फायबरचा हात बसलेला आहे. भोक पडलं तर रेझिन आणि मॅट आणून घरच्या घरी बुजवता येतं. पण फायबरची होडी जड असते, आणि दगडावर आदळली की वरच्या थराला बारीक तडे जातात. त्यातून पाणी हळूहळू आत शिरतं, आणि दोन-चार वर्षांनी होडी तीच असते पण उचलताना मात्र जड लागते. तुमच्याकडे काठावर चार गडी नेहमी हजर असतील तर फायबर घ्या. तुम्ही दोघंच असाल, तर मी अॅल्युमिनियमकडे झुकते. लोखंडाच्या तुलनेत त्याचं वजन एक तृतीयांश. चौदा फुटी होडी शंभर किलोच्या आसपास येते, खाली दोन गोल लाकडं घातली की दोघांना सरकवता येते. दगडावर आपटली तर पोचा पडतो, तडा सहसा जात नाही. पोचा दिसायला वाईट, पण पाणी आत येऊ देत नाही.

अॅल्युमिनियमची होडी आपल्याकडे बहुधा बनवून घ्यावी लागते, आणि इथेच फसायला होतं. बाजारात छपराचा, भांड्यांचा अॅल्युमिनियमचा पत्रा मिळतो, तो मऊ असतो. होडीला मॅग्नेशियम मिसळलेला मिश्रधातू लागतो. ५०५२ किंवा ५०८३ असे त्याचे क्रमांक असतात. तो पाण्यात टिकतो आणि वाकूनही तुटत नाही. पत्रा घेताना कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागायचं, त्यावर क्रमांक छापलेला असतो. जाडी किमान दोन मिलिमीटर, तळाला अडीच-तीन असेल तर आणखी बरं. व्हर्नियरने तुझ्यासमोर मोजून घे. आणि जुनी, रंग दिलेली होडी कुणी अॅल्युमिनियमची म्हणून विकायला आणली तर पर्समध्ये एक चुंबक ठेव. चिकटलं तर लोखंड आहे, बोलणं तिथेच थांबव.

रिव्हेट की वेल्डिंग? रिव्हेटची होडी हलकी होते आणि हिसके सोसते, पण काही वर्षांनी रिव्हेट सैल होऊन पाझरतात. वेल्डिंगची होडी एकसंध असते, पण ते वेल्डिंग चांगल्या हाताचं हवं. गावातल्या ग्रिलवाल्याचं ते काम नाही. अॅल्युमिनियमला आर्गन वायूच्या आवरणात वेल्डिंग करावं लागतं, पत्रा आधी ब्रशने घासून स्वच्छ करावा लागतो, नाहीतर टाका वरून चकाकतो आणि आतून पोकळ राहतो. याबाबतीत सुरतेचा तुला फायदा आहे. इथल्या मिलांमुळे आर्गनवर हात बसलेले कारागीर पुष्कळ आहेत. तरी मिलांचं काम बहुतेक स्टेनलेस स्टीलचं असतं, आणि स्टीलवर हात बसला म्हणून अॅल्युमिनियमवर बसेलच असं नाही, हे तुझे दाजीच सांगतात. म्हणून ज्याला काम देशील त्याला आधी अॅल्युमिनियमचे दोन तुकडे जोडायला लाव, आणि तो जोड वाकवून बघ.

होडी तयार झाली की जमिनीवर दोन लाकडांवर ठेवून तिच्यात पाणी ओत, चांगल्या बादल्याच्या बादल्या. पाणी बाहेरून आत येतंय का हे पाण्यात बघणं कठीण; आतून बाहेर गळतंय का हे जमिनीवर लगेच दिसतं. कोरड्या फडक्याने खालून प्रत्येक टाका पुसत जा. कारागीर कंटाळेल, कंटाळू दे.

यानंतर एक गोष्ट आहे जी बाहेरून दिसतच नाही, म्हणून तिच्यावर पैसे वाचवले जातात. अॅल्युमिनियम स्वतः तरंगत नाही. होडी पाण्याने भरली तर ती बुडणार, जर तिच्या पोटात तरंगणारं काही भरलेलं नसेल तर. बसायच्या फळ्यांखाली बंद पेट्या करून त्यात फोम भरायचा असतो. हिशेब सोपा आहे: एक लिटर फोम साधारण एक किलो तोलून धरतो. शंभर किलोची होडी पाण्यात साठ-पासष्ट किलोच भरते, त्यात मशीनचे पंचवीस, आणि वर पाण्यात पडलेली माणसं काठ धरून लोंबकळणार. म्हणजे दोनशे लिटर तरी फोम हवा, पिंजऱ्याखाली लावतात त्या निळ्या ड्रमएवढा. तो सगळा तळात भरू नकोस, दोन्ही बाजूंना काठाजवळ वाटून भर, म्हणजे होडी भरली तरी उलटी न होता सरळ राहते. आणि साधा थर्माकोल भरू नकोस. पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. बंद कप्प्यांचा, पाणी न पिणारा फोम माग. मग एक दिवस काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, होडी मुद्दाम पाण्याने भरून बघ. काठ पाण्यावर राहिला पाहिजे आणि तुम्ही दोघं धरून उभे राहू शकला पाहिजेत. नवीन होडी अशी बुडवायला जिवावर येतं, पण हे काम टाळू नकोस.

जुनी होडी घेणार असशील तर फोमसाठीच ती उचलून बघ. पाणी प्यालेला फोम होडीला जड करतो आणि वेळेला तरंगवत नाही.

सांभाळायच्या चार गोष्टी तुझ्या हातातल्या आहेत. होडी राखेने घासू नकोस. भांड्यांची सवय असते आपल्याला, पण राख, चुना, सोडा, सिमेंट या सगळ्यांनी अॅल्युमिनियम खाल्लं जातं. ओल्या सिमेंटच्या ओट्यावर होडी उपडी टाकू नको, खाली लाकडं ठेव. तांब्या-पितळेचा बोल्ट, तांब्याची तार, तळात पडलेलं नाणं, काही राहू देऊ नको. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम आधी झिजतं. आणि उन्हात पत्रा एवढा तापतो की बसवत नाही. बसायच्या फळीवर नारळाच्या काथ्याची चटई टाक, तळात रबराची. तिने आवाजही मरतो. पत्र्यावर बादली आपटली की मासे लांब जातात असं पाव्हणे म्हणतील, ते खरंच आहे.

मशीनचं थोडक्यात. चौदा फुटी हलक्या होडीला पाच हॉर्सपॉवरच्या आसपासचं आउटबोर्ड पुरतं. जास्त मोठं घेतलंस तर मागचा भाग बसतो, आणि ज्या काठावर मी एवढं बोलले तो तिथेच पाण्याला टेकतो. मशीन बसवायच्या मागच्या फळीची उंची आधी ठरव: आखूड दांड्याच्या मशीनला पंधरा इंच, लांब दांड्याच्या मशीनला वीस. उकईच्या लाटेसाठी वीस इंची फळी बरी, मागून पाणी आत येत नाही. आणि मशीन कितीही नवं असलं तरी वल्ह्यांची जोडी होडीतच बांधून ठेव. मशीन लावलेल्या होडीला २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे नोंदणी लागते का, मासेमारीचा परवाना कुठून काढायचा, हे तुझ्या मत्स्य खात्याच्या कार्यालयात लेखी विचारून घे. तुमचं पाणी दोन राज्यांत आहे, म्हणून हे आणखीच महत्त्वाचं.

आता जे सांगते ते तुझ्या-माझ्यात राहू दे. होडी तुझ्या नावावर घे.

पाव्हण्यांवर माझा अविश्वास नाही, चांगला माणूस आहे तो. पण कागदाचं आपलं एक असतं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये आली, तिच्यात सर्वसाधारण गटाला खर्चाच्या चाळीस टक्के मदत धरली आहे, आणि महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना साठ टक्के. म्हणजे तुझं नाव घातल्याने घराचंच भलं होतं. आणि उद्या काही झालं, कुणाचं पटलं नाही, कर्जाचा विषय निघाला, तर पाण्यातली तुझी जागा कागदावर असेल. आपल्याकडच्या कितीतरी बाया जाळी विणतात, मासळी निवडतात, डोक्यावरून बाजारात नेतात, आणि कागदावर त्यांचं नाव कुठेच नसतं. तुझं असू दे. या वर्षी तुमच्या भागात होडीसाठी अर्ज घेतात का, किती रकमेपर्यंत, हे जिल्ह्याच्या कार्यालयात विचार. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत कुणालाही बयाणा देऊ नकोस. आधी केलेली खरेदी योजनेत बसत नाही असं सांगून कितीतरी जणांना परत पाठवतात. कमी पडलं तर मच्छीमारांनाही आता किसान क्रेडिट कार्ड मिळतं, सावकाराकडे जाण्याआधी बँकेत जा.

आणि विमा. याच योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख अशी तरतूद आहे. त्यात दोघांची नावं घाल. फक्त नवऱ्याचं घालतात, बाई होडीत बसते हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

राहिली जॅकेटं. ती होडीच्या किमतीतच धर, मागाहून घेऊ म्हणू नकोस. मागाहून कुणी घेत नाही. बाजारात कापडात स्पंजचा तुकडा शिवलेली जॅकेटं मिळतात, ती अंगावर ठेवायच्या कामाची नाहीत. शंभर न्यूटन लिहिलेलं घे, म्हणजे सुमारे दहा किलोची उचल; ते घालून माणूस पाण्यात पडला की बहुधा तोंड वर राहतं. पन्नास न्यूटनचं घालायचं तर काठ जवळ हवा आणि पोहता यायला हवं. साडीवर जॅकेट वर सरकून गळ्याशी येतं, म्हणून मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं बघ, आणि पाण्यात उतरायचं तर सलवार घाल किंवा नऊवारी नेस, पाचवारी नको. पाव्हणे म्हणतील मला पोहता येतं. पोहणारी माणसंही जातात गं, जाळ्यात पाय अडकतो, नाहीतर दमतात. त्यांना घालायला लाव. तू आधी घाल, म्हणजे त्यांना बोलता येणार नाही.

पोराला होडीत नेणार असशील तर त्याच्या मापाचंच घे. मोठ्याचं जॅकेट मुलाला घातलं की पाण्यात ते वर राहतं आणि मूल खालून निसटतं.

दिवाळीनंतर ये. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, मासेमारीही बंद असते, तेवढ्यात तुमचे कागद होतील. नवापूरहून सुरतेची गाडी पकड, मी घ्यायला येते, मग दोघी मिळून वर्कशॉपं फिरू. येण्याआधी घरी तेवढं मोजून ठेव: सगळं जाळं भिजवून वजनकाट्यावर टाक आणि आकडा लिहून आण. चांगल्या दिवसाची मासळी किती किलो निघते तेही. तुमचं दोघांचं वजन, आणि ज्या काठावरून होडी पाण्यात सोडता तिथून पाण्यापर्यंत मे महिन्यात किती पावलं ओढावी लागते ते. पोराच्या छातीचं माप श्वास भरलेला असताना घे.